वॉर्डातला अभ्यास: पहिला फॉर्म भरण्याआधी काय, नंतर काय, आणि गाडी कुठे अडते

"सर, दोनशे पेशंटचा डाटा आहे. यातून काय निघेल?"

दरवर्षी थीसिस जमा करायच्या तोंडावर कोणी ना कोणी जेआर (ज्युनिअर रेसिडेंट, म्हणजे पदव्युत्तर शिक्षण घेणारा डॉक्टर) हे विचारत येतो. लॅपटॉपवर एक्सेलची लांबलचक शीट उघडी असते. रुग्ण किती वाजता आला याचा रकाना साठ-सत्तर ठिकाणी रिकामा, 'आउटकम'च्या खाली कुठे 'गुड', कुठे 'फेअर', कुठे 'डामा' (सल्ल्याविरुद्ध घरी गेलेला). त्यातून काही निघत नाही. प्रश्न आधी ठरलेला नव्हता, म्हणून उत्तरही गोळा झालेलं नसतं.

हा लेख औषधशोधाच्या मोठ्या ट्रायलसाठी नाही. आपल्याच रुग्णालयातली सेवा कुठे कमी पडते हे मोजणं, एखादा बदल करणं आणि फरक पडला का ते बघणं, एवढंच ज्यांना करायचं आहे त्यांच्यासाठी आहे. छत्रपती संभाजीनगरच्या घाटी रुग्णालयातला जेआर असो, अंबाजोगाईच्या स्वाराती रुग्णालयातली सिस्टर असो की उपजिल्हा रुग्णालयातला वैद्यकीय अधिकारी, पायऱ्या त्याच. एक उदाहरण शेवटपर्यंत धरतो, सर्पदंश. पावसाळ्यात मराठवाड्यातल्या कुठल्याही कॅज्युअल्टीत ते दिसतं. सर्जरी, स्त्रीरोग आणि आयसीयूची उदाहरणं मधूनमधून येतील.

१. प्रश्न एका वाक्यात बसवा

'सर्पदंशाच्या रुग्णांचा अभ्यास' हा प्रश्न नाही, हा विषय झाला. प्रश्न असा हवा: 'विषाची लक्षणं असलेल्या सर्पदंशाच्या रुग्णाला आपल्या कॅज्युअल्टीत प्रतिविष (एएसव्ही) सुरू व्हायला किती मिनिटं लागतात, आणि एएसव्ही, काचेची नळी, सलाईन सेट असा संच कॅज्युअल्टीतच ठेवला तर ती कमी होतात का?'

यात रुग्ण कोण, जागा कुठली, बदल कोणता आणि मोजायचं काय, हे चारही आलं. सर्जरीत हाच साचा: 'चिरा देण्याआधीच्या ६० मिनिटांत अँटिबायोटिक किती रुग्णांना मिळतं?' स्त्रीरोगात: 'बाळंतपणानंतरचा रक्तस्राव आपण अंदाजाने लिहितो की मोजून?'

तपासा: वाक्य वॉर्डातल्या सिनिअर सिस्टरला वाचून दाखवा. तिने "म्हणजे नक्की काय मोजणार?" असं विचारलं, तर ते अजून कच्चं आहे.

दुसऱ्या राज्यातल्या कॉलेजचा थीसिस उचलून फक्त गावाचं नाव बदलणं ही चूक इतकी नेहमीची आहे, की अभ्यासाला मंजुरी देणाऱ्या नैतिक समितीतल्या लोकांना तो मजकूर तोंडपाठ झालेला असतो.

२. चार दिवस नुसतं उभं राहून बघा

ही पायरी जवळजवळ सगळेच गाळतात आणि पुढचं बरंचसं बिघडतं ते इथेच. कागद-पेन घेऊन कॅज्युअल्टीत उभे राहा, त्यात एक रात्रपाळी धरा. रुग्ण जीपमधून उतरल्यापासून सलाईन चालू होईपर्यंत नक्की काय घडतं ते लिहा. नातेवाईक केसपेपरच्या खिडकीवर रांगेत, रुग्ण स्ट्रेचरवर. एएसव्ही आहे, पण वॉर्डातल्या कपाटात आणि किल्ली राऊंडवर गेलेल्या सिस्टरकडे. गोठणचाचणीला काचेची नळी सापडत नाही, म्हणून प्लास्टिकच्या सिरिंजमध्येच रक्त ठेवलेलं.

या शेवटच्या गोष्टीकडे नीट बघा. रक्त वीस मिनिटांत गोठतं का ते बघणाऱ्या या चाचणीला नवी, कोरडी, स्वच्छ काचेची नळी लागते. ती प्लास्टिकची असेल, साबणाने धुतलेली असेल किंवा मध्येच कोणी हलवून बघितली असेल, तर निकालावर भरवसा ठेवता येत नाही. तुमचा सगळा अभ्यास 'लक्षणं असलेला रुग्ण' या व्याख्येवर उभा आहे आणि ती व्याख्या या नळीवर.

आता घड्याळं. माझ्या पहिल्या अभ्यासात अकरा रुग्णांना रुग्णालयात येण्याआधीच इंजेक्शन मिळालेलं निघालं! कॅज्युअल्टीचं भिंतीवरचं घड्याळ वॉर्डातल्यापेक्षा अठरा मिनिटं पुढे होतं. तीन महिन्यांची मेहनत गेली.

सावधान: अभ्यास सुरू व्हायच्या आधी कॅज्युअल्टी, वॉर्ड, ओटी आणि लॅबची घड्याळं मोबाइलच्या वेळेशी जुळवा. दर सोमवारी पुन्हा बघा आणि कोणी बघितलं त्याची सही ठेवा.

३. शून्य मिनिट कोणतं, ते लिहून काढा

'लवकर उपचार' यातलं लवकर म्हणजे कधीपासून? गेटवर गाडी आली तेव्हापासून? केसपेपर फाडला तेव्हापासून? डॉक्टरने बघितलं तेव्हापासून? तिन्ही वेळांत अर्ध्या तासाचा फरक सहज पडतो. आमच्याकडे ठरलेलं असं: रुग्ण कॅज्युअल्टीच्या टेबलावर आला ते शून्य मिनिट, आणि सलाईनमधून एएसव्हीचा पहिला थेंब गेला ती शेवटची वेळ. ऑर्डर लिहिल्याची वेळ धरू नका. ऑर्डर आणि औषध यांच्यामध्येच तर सगळा घोळ असतो.

मग अडचणीचे रुग्ण. ज्याला आल्यावर लक्षणं नव्हती आणि दोन तासांनी पापण्या जड झाल्या, त्याचं शून्य मिनिट कुठलं? लक्षण पहिल्यांदा नोंदवलं ते. नाहीतर दोन तास नीट निरीक्षण करणारा डॉक्टर तुमच्या तक्त्यात आळशी ठरतो. ज्याच्यात विष उतरलंच नाही, त्याला एएसव्ही द्यायचं कारणच नाही, तो या मोजणीच्या छेदात येत नाही. प्राथमिक आरोग्य केंद्रात पहिला डोस घेऊन रेफर झालेल्याचं काय? वेगळा गट करा किंवा वगळा, पण काय ते आज ठरवा. आकडे बघून ठरवलंत तर ती फसवणूक होते, मनात तसं नसलं तरी.

आयसीयूवाल्यांची छेदाची चूक वेगळी असते. 'या महिन्यात कॅथेटरमुळे (लघवीच्या नळीमुळे) सहा जणांना लघवीचा संसर्ग झाला' याला अर्थ नाही. छेदात रुग्ण नव्हे, कॅथेटर-दिवस घ्यायचे. रोज एका ठरावीक वेळी किती रुग्णांना कॅथेटर आहे ते मोजा आणि महिनाभराची बेरीज करा. बेरीज ४८० आली आणि संसर्ग ६, तर दर हजार कॅथेटर-दिवसांमागे १२.५. पुढच्या महिन्यात रुग्ण दुप्पट झाले तरी या आकड्याची तुलना करता येते.

आणखी एक मोजमाप मुद्दाम ठेवा: सुधारणेच्या नादात काही बिघडत तर नाही ना? एएसव्ही लवकर द्यायचा धोशा लागला की लक्षणं नसलेल्यालाही ते लावलं जातं. म्हणून विनाकारण दिलेलं एएसव्ही किती आणि त्याची रिॲक्शन किती जणांना आली, हेही त्याच फॉर्मात हवं.

४. रुग्ण किती, आणि कुठल्या महिन्यांत

नुसतं प्रमाण काढायचं असेल तर सूत्र सोपं: चार गुणिले पी गुणिले क्यू, भागिले एलचा वर्ग. पी म्हणजे अंदाजाची टक्केवारी, क्यू म्हणजे शंभरातून पी वजा, एल म्हणजे चालणारी चूक. तुमच्या अंदाजाने ४० टक्के रुग्णांना वेळेत औषध मिळतं आणि चूक ८ टक्क्यांपर्यंत चालणार असेल, तर ४ × ४० × ६० ÷ ६४ = १५० रुग्ण. फॉर्म अर्धवट राहतात म्हणून दहा टक्के वर धरा. बहुतेकांचा गोंधळ 'एल'मध्ये होतो. ८ म्हणजे ३२ ते ४८ टक्के. चाळीसच्या आठ टक्के नव्हे.

आधी-नंतरची तुलना करायची असेल तर हे सूत्र चालत नाही. ४० टक्क्यांवरून ६० वर गेलेलं नेहमीच्या निकषांनी, म्हणजे ५ टक्के चूक (नसलेला फरक दिसण्याची शक्यता) आणि ८० टक्के पॉवर (असलेला फरक सापडण्याची शक्यता) धरून, पकडायला प्रत्येक गटात ९५ च्या आसपास रुग्ण लागतात. ४० वरून ५० वर गेलेलं पकडायला सुमारे ३८५. फरक निम्मा झाला की रुग्ण चौपट लागतात. त्यामुळे सांख्यिकीच्या माणसाकडे आत्ताच जा. शेवटी गेलात तर तो फक्त सहानुभूती देईल.

महिन्यांचा हिशोब तर मराठवाड्यात विसरूनच चालत नाही. जून ते सप्टेंबर आधीची मोजणी आणि जानेवारी ते मार्च बदलानंतरची, असा आराखडा दिसला की मी तो परत करतो. थंडीत साप कमी निघतात, कॅज्युअल्टी मोकळी असते, सिस्टरला वेळ असतो. तुमच्या संचाने काही केलं नाही तरी मिनिटं कमी होतील. फवारणीच्या दिवसांतली विषबाधा, एप्रिल-मेमधला उष्माघात, सगळ्याचं असंच. एका पावसाळ्याची तुलना दुसऱ्या पावसाळ्याशी करा, नाहीतर आठव्या टप्प्यात सांगितलेला आठवड्यांचा आलेख वापरा. नव्या जेआरची बॅच कधी येते तेही कॅलेंडरवर मांडा. तो पहिला महिना सगळ्यांनाच जड जातो.

५. परवानगी: पहिल्या रुग्णाच्या आधी, नंतर नाही

नैतिक समितीकडे मागच्या तारखेने मंजुरी मिळत नाही, मागूही नका. 'आम्ही फक्त केसपेपर बघणार' असं असलं तरी अर्ज करायचा. संमतीपत्रातून सूट द्यायची की नाही हे समिती ठरवते, तुम्ही नाही. नाव काढून टाकलेल्या जुन्या नोंदींसाठी अशी सूट मागता येते. कॅज्युअल्टीत बेशुद्ध आलेल्या रुग्णाची संमती कधी आणि कोणाकडून घेणार, हेही अर्जातच स्पष्ट लिहा.

आयसीएमआरची (भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची) २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं समोर ठेवून अर्ज भरा. समितीचा अध्यक्ष संस्थेबाहेरचा असतो आणि तिच्यात एक सामान्य नागरिकही असतो, तेव्हा प्रस्तावाचा सारांश त्याला कळेल अशा भाषेत द्या. तुमच्या रुग्णालयात समितीच नसेल, तर नोंदणी असलेल्या दुसऱ्या संस्थेच्या समितीशी लेखी करार करून काम होतं.

उपचारात किंवा कामाच्या पद्धतीत बदल करून रुग्णांवरचा परिणाम बघणार असाल, तर सीटीआरआयवर (देशातल्या क्लिनिकल ट्रायलच्या नोंदवहीत) नोंदणीही आधीच करा. १ एप्रिल २०१८ पासून तिथे मागाहून नोंदणी घेत नाहीत. नोंदणी मोफत आहे, पण प्रश्नोत्तरांत दिवस जातात. ते वेळापत्रकात धरा.

तपासा: मंजुरीच्या पत्रावरची तारीख, सीटीआरआयची तारीख आणि पहिल्या रुग्णाची तारीख एका कागदावर लिहा. क्रम उलटा असेल तर थांबा.

६. संमतीपत्रक माणसाच्या भाषेत

'सदर संशोधन प्रकल्पात यादृच्छिक पद्धतीने सहभागींचे वर्गीकरण करण्यात येईल.' हे वाचून आमच्याकडचा शेतकरी मान डोलावतो आणि अंगठा उठवतो. याला संमती म्हणत नाहीत. 'कोणाला कुठली पद्धत ते चिठ्ठी टाकून ठरवणार. नाही म्हणालात तरी इथली ट्रीटमेंट तशीच मिळेल.' असं लिहा.

मराठी एक प्रत पुरत नाही. घाटीत उर्दू-हिंदी लागते, देगलूर-बिलोलीकडे तेलुगू, उदगीर-निलंग्याकडे कन्नड कानावर येते, तांड्यावरच्या आजीला गोरमाटीत (बंजारा बोलीत) समजावणारं कोणी हवं. प्रत्येक भाषेत छापणं जमणार नाही, पण तोंडी समजावणारा माणूस कोण, हे आधी ठरवता येतं.

वाचता न येणाऱ्याकडून अंगठा घेताना साक्षीदार तुमच्या अभ्यासातला नको. ७ ते १८ वयाच्या मुलाची, पालकांच्या संमतीखेरीज, स्वतःची तयारीही विचारायची. पत्रकाची एक प्रत रुग्णाकडे राहिलीच पाहिजे. आणि शक्यतो उपचार करणाऱ्या डॉक्टरनेच संमती मागू नये. पलंगावरचा माणूस त्याला नाही म्हणू शकत नाही.

७. फॉर्म: एक पान, आणि आधी दहा जणांवर

तुमच्या प्रश्नाला न लागणारी प्रत्येक ओळ खोडा. धर्म, उत्पन्न, 'इतर माहिती' कशासाठी? चार पानांचा फॉर्म रात्री दोन वाजता कोणी भरत नाही. सकाळी आठवून भरतात, आणि आठवून लिहिलेल्या वेळा हटकून ०० नाहीतर ३० वर संपतात.

लोक बोलतात तसं ऐकायला भरणाऱ्याला शिकवा. "साप चावला का?" विचारलं की गप्प, आणि नातेवाईक हळूच म्हणतो, "पान लागलंय." वेळ विचारली तर "दिवेलागणीला" किंवा "झुंजूमुंजू असताना". अशा शब्दांना कुठली वेळ धरायची याचा एक तक्ता फॉर्मच्या मागे छापा, म्हणजे दिवसपाळी आणि रात्रपाळी वेगवेगळं लिहिणार नाहीत. वय चाळीस, पंचेचाळीस, पन्नास असंच येणार. आधार कार्ड असेल तर त्यावरून घ्या, नसेल तर 'अंदाजे' अशी खूण करा.

नावावरून रुग्ण शोधू नका. आयपीडी नंबर (दाखल करताना मिळणारा) लिहा. फॉर्मवर फक्त अभ्यासाचा क्रमांक, आणि कुठला क्रमांक कोणाचा याची वही वेगळ्या कपाटात.

मग दहा रुग्णांवर तालीम. दोन वेगळ्या माणसांना एकाच रुग्णाचा फॉर्म स्वतंत्रपणे भरायला लावा आणि शेजारी ठेवा. जिथे उत्तरं जुळत नाहीत, तिथे व्याख्या ढिली आहे. हे दहा फॉर्म मुख्य अभ्यासात मिसळायचे नाहीत.

सावधान: तालमीनंतर फॉर्म बदलला, तर बदललेला फॉर्म समितीला कळवा.

८. आधी जसं आहे तसं मोजा, मग बदल करा

एचओडींना (विभागप्रमुखांना) घाई असते. संच पहिल्याच दिवशी कॅज्युअल्टीत ठेवला जातो आणि 'आधीचे' आकडे जुन्या केसपेपरवरून काढायची वेळ येते. पण जुन्या केसपेपरवर वेळा नसतात, म्हणून तर आपण अभ्यास करतोय! बदलाआधीचे आकडे त्याच फॉर्मवर, त्याच माणसांकडून, त्याच व्याख्येने गोळा झाले पाहिजेत.

कोणीतरी बघतंय म्हटलं की पहिले दोन-तीन आठवडे सगळेच चपळ होतात. म्हणून आधीची मोजणी पुरेशी लांब ठेवा. दर आठवड्याचा मध्यक (आकडे चढत्या क्रमाने लावल्यावर मधला येणारा) आलेखावर टिंबाने मांडा. दहा-बारा टिंबं झाली की त्यांच्या मध्यकाची आडवी रेघ काढा. बदलानंतर सलग सहा किंवा जास्त टिंबं त्या रेघेच्या एकाच बाजूला गेली, तर काहीतरी खरंच हललंय. एखादं टिंब खाली आलं म्हणून पेढे वाटू नका.

बदल एका वेळी एकच. संच ठेवला, त्याच आठवड्यात प्रशिक्षण घेतलं, नवं रजिस्टरही आणलं, तर मिनिटं कशाने कमी झाली ते कळणार नाही. आणि संच ठेवला म्हणजे वापरला असं नाही. संचात काय कमी आहे ते रोज कोण बघणार आणि भरणार, त्याचं नाव लिहून ठेवा. आमचा पहिला संच तिसऱ्याच आठवड्यात रिकामा सापडला होता. दुसऱ्या वॉर्डाने काचेच्या नळ्या नेल्या होत्या.

९. डिस्चार्जनंतरचा रुग्ण

शस्त्रक्रियेच्या जखमेतला संसर्ग ३० दिवसांपर्यंत मोजायचा असतो, आत काही बसवलं असेल तर ठरावीक शस्त्रक्रियांमध्ये ९० दिवसांपर्यंत. आपण सातव्या दिवशी घरी पाठवतो आणि पू नवव्या दिवशी गावात येतो. वॉर्डातल्याच नोंदींवर विसंबलात तर तुमचा संसर्गदर फसवा चांगला निघेल.

बीड, धाराशिव, जालन्याकडचा रुग्ण दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीला निघून जातो. त्याने दिलेला नंबर कधी मुकादमाचा, कधी पुतण्याचा. तीन नंबर घ्या: स्वतःचा, घरी राहणाऱ्या माणसाचा, गावातल्या एखाद्या ओळखीच्याचा. फोन कोणाला केला तर चालेल, हे संमतीतच विचारा. मुकादमाला किंवा आशाताईंना आजार सांगत बसायचं नाही, "रुग्णालयातून फोन होता, परत करा" एवढाच निरोप. फोनवरचे प्रश्न ठरलेले हवेत: पू किंवा पाणी आलं का, टाके उघडले का, कोणी पुन्हा इंजेक्शन-गोळ्या दिल्या का. "बरं आहे ना?" विचारलं तर "बरंय" हेच उत्तर येतं.

१०. मास्टर चार्ट आणि हिशोब

एक रुग्ण, एक ओळ. सेल जोडायचे नाहीत, रंगावर अर्थ ठेवायचा नाही. 'नाही', 'माहीत नाही' आणि 'लागू नाही' यांना तीन वेगळे आकडे द्या. रिकामी चौकट म्हणजे शून्य नव्हे. तारखेचा प्रकार आधीच पक्का करा, नाहीतर ५ जुलैची ७ मे होते आणि रुग्ण दाखल होण्याआधीच घरी जातो. दर दहा फॉर्मांमागे एक फॉर्म शीटशी पडताळा.

मिनिटांची सरासरी देऊ नका. २०, २५, ३०, ३५ आणि ५४० या पाचांची सरासरी १३० येते आणि तेवढी मिनिटं एकालाही लागलेली नसतात. मध्यक ३० येतो, तो द्या. डामा आणि रेफर झालेले रुग्ण गुपचूप गाळू नका. किती आले, किती निकषांत बसले, किती सुटले आणि का, हे आकृतीत दाखवा. सॉफ्टवेअरने पी व्हॅल्यू (खरा फरक नसताना एवढा फरक योगायोगाने दिसण्याची शक्यता) ०.००० छापली, तर '०.००१ पेक्षा कमी' असं लिहायचं.

११. लिहिणं आणि परत सांगणं

पेपरात काय काय हवं याच्या चेकलिस्ट ठरलेल्या आहेत: निरीक्षणात्मक अभ्यासाला स्ट्रोब, ट्रायलला कॉन्सॉर्ट, सेवा सुधारण्याच्या कामाला स्क्वायर. आपली चेकलिस्ट लिहायला बसण्याआधी उघडा, संपल्यावर नव्हे. पैसे भरा आणि चार दिवसांत छापू, असं म्हणणाऱ्या जर्नलच्या ईमेलला उत्तर देऊ नका.

छापून येण्याच्या आधी आलेख कॅज्युअल्टीत लावा. वर्षभर रात्री फॉर्म भरणाऱ्या सिस्टर आणि ब्रदरना तो पहिल्यांदा दिसला पाहिजे. त्यातून तुमच्या व्याख्येतली एखादी चूकही निघेल. आम्हाला एका सिस्टरने दाखवून दिलं, की लाइट गेल्यावर भिंतीवरचं घड्याळ बंद पडतं आणि परत लावताना कोणी मोबाइल बघत नाही. त्या तारखांचे फॉर्म आम्ही वेगळे काढले आणि तसं पेपरात लिहिलं.

मूळ फॉर्म आणि नावांची वही समितीने ठरवून दिलेल्या मुदतीपर्यंत वेगवेगळ्या कपाटांत, कुलुपात. तुमची बदली झाली तर किल्ली कोणाकडे, ते गाईडच्या सहीने लिहून द्या.